कानवाल्यांची शेजारीण

कानवाल्यांचं आडनाव कानवाले नव्हतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचण्याच्या फंदात कुणी पडत नसे. मोठ्या दवाखान्यात कान तपासायचं काम करतात, म्हणून इमारतीनं त्यांना कानवाले करून टाकलं आणि त्यांनीही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर बोलावं लागलं असतं.

बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. दवाखान्याच्या तळमजल्यावर त्यांची एक खोली होती आणि त्या खोलीत आणखी एक लहान खोली, जाड भिंतींची, एका काचेची, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी. पेशंट आत बसून कानाला हेडफोन लावायचा. कानवाले काचेच्या अलीकडून यंत्राचं बटण फिरवत आवाज कमी कमी करत न्यायचे. ऐकू आलं की पेशंटनं बटण दाबायचं, आणि दाबणं थांबलं की यांनी कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. वीस वर्षं हेच चाललं होतं आणि त्यात त्यांना कधी कंटाळा आला नाही.

घरीही तोच शिरस्ता. दाराच्या बिजागऱ्यांना महिन्याला तेल. खुर्च्यांच्या पायांना खालून जाड कापडाच्या चकत्या. चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू द्यायचा नाही. वय चव्वेचाळीस. लग्नाची बोलणी दोन-तीनदा झाली होती. बोलणी म्हणजे समोरचे बोलायचे आणि हे ऐकायचे. ऐकून घेऊन घरी परत यायचे.

घरात ते आणि आई, एवढीच माणसं. आईला कमी ऐकू यायचं. अर्ध्या शहराचे कान ज्यानं तपासले, त्याची आई कानाला मशीन लावायला तयार नव्हती. "पंख्याची घरघर ऐकायला मशीन कशाला लावू?" ती म्हणायची. "आणि तू तरी असं काय बोलतोस, जे मी ऐकायचं राहून जातंय?" मुलगा हळू बोलायचा, आईला कळायचं नाही, मग तो आणखीनच कमी बोलायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

एका रविवारी सकाळी समोरच्या रिकाम्या घरात बाई राहायला आल्या. त्यांचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत एकच आवाज घुमला, "अहो, कुणी आहे का घरात? जरा हात लावा."

कानवाले बाहेर आले. त्यांनी कपाटाकडे बघितलं, खण काढून बाजूला ठेवले, कपाट आडवं करून थोडं तिरकं धरलं, आणि ते लोण्यासारखं वर सरकलं. या सगळ्यात त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. खिशातून मात्र कानाच्या मशीनची डबी डोकावत होती. आईनं त्याच सकाळी ती तिसऱ्यांदा परत केली होती. बाईंनी डबी पाहिली, माणसाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. निदान त्यांना तसं वाटलं.

पुढे आठ दिवस बाई त्यांच्याशी हातवारे करून बोलत होत्या. पाणी आलं का, हे नळ सोडल्यासारखं करून. दूधवाला येऊन गेला का, हे बाटली धरल्यासारखं करून. कानवाल्यांनाही ते सोयीचं वाटलं. तेही हातानंच उत्तर द्यायचे. नवव्या दिवशी जिन्यात त्यांचा फोन वाजला आणि ते म्हणाले, "हो, उद्या साडेनऊला या. सर्दी असेल तर येऊ नका." वळून बघतात तर वरच्या पायरीवर बाई उभ्या.

"म्हणजे तुम्हाला बोलता येतं."

"येतं."

"मग मी आठवडाभर हे हात नाचवत होते ते?"

कानवाल्यांनी विचार केला. "तुम्ही छान करत होता," ते म्हणाले.

बाईंना इतकं हसू आलं की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

बाई तरणतलावावर पोहायला शिकवायच्या. तेरा-चौदा वर्षं झाली होती. गळ्यात शिट्टी असायची ती बाजारात जातानाही काढायच्या विसरायच्या, त्यामुळे त्यांनाही आपोआप नाव पडलं, शिट्टीबाई. त्या मोठ्यानं बोलायच्या, मोठ्यानं शिंकायच्या, फोनवर तर अशा बोलायच्या की फोनची गरज का पडावी असा प्रश्न पडे. ओले टॉवेल जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकायच्या. किल्ली महिन्यातून दोनदा हरवायच्या. शेवटी त्यांनी एक जादा किल्ली कानवाल्यांच्या घरात खिळ्याला अडकवून टाकली, विचारलंही नाही. एकदा लग्न करून पाहिलं होतं. ते जमलं नाही, दोन वर्षांत दोघंही सुटले, आणि हेही त्या जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायच्या.

कानवाल्यांना पहिले सहा महिने त्यांचा भयंकर त्रास झाला. पण आईचं वेगळंच झालं. दहाव्या दिवशी बाई साखर मागायला आल्या आणि आई जागेवरून उठून बसली. "ही पोरगी किती स्पष्ट बोलते," ती मुलाला म्हणाली. "हिचा शब्दन् शब्द कळतो बघ." त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी चहाला यायला लागल्या. काकू म्हणत जवळ बसायच्या आणि तलावावरच्या गमती सांगायच्या. कुणाचा चष्मा पाण्यात गेला, कोण पायरी सोडायलाच तयार नाही. आई पोट धरून हसायची. कानवाले कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसायचे. तासाभरात पान उलटायचं नाही.

वरच्या मजल्यावरचा माणूस रोज पहाटे पलंग ओढायचा. कानवाल्यांनी ते दोन वर्षं सोसलं होतं. बाईंच्या कानावर गेलं, त्या वर गेल्या, दोन मिनिटांत खाली आल्या, आणि तो आवाज पुन्हा आला नाही. त्याची परतफेड म्हणून कानवाल्यांनी एकदा त्या नसताना त्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. संध्याकाळी बाई तणतणत आल्या. "माझं दार मुकं कुणी केलं? ते करकरलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं." कानवाल्यांनी माफी मागितली. ते दार पुन्हा करकरू लागायला चार महिने लागले आणि तोवर रोज दोघंही त्याची वाट बघत होते.

अशी चार वर्षं गेली. या चार वर्षांत काय झालं म्हणाल तर सांगण्यासारखं काही नाही. पावलांवरून बाईंचा दिवस कसा गेला ते कानवाल्यांना कळू लागलं. एक पायरी सोडून आल्या की चांगला, कठडा धरून आल्या की वाईट. एकदा त्या स्पर्धेसाठी मुलींना घेऊन आठवडाभर परगावी गेल्या, आणि कानवाल्यांना हवी होती तशी शांतता घरात नांदली. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना रेडिओ लावला. आईला ऐकू येत नव्हता, त्यांना आवडत नव्हता, तरी तो लावलेलाच राहिला.

पाचव्या वर्षी कानवाल्यांना बाईंच्या आवाजात काहीतरी वेगळं ऐकू येऊ लागलं. सकाळी तो खरखरायचा. हसताना वरच्या पट्टीत मध्येच तुटायचा, जुन्या कापडाला चीर जावी तसा. महिनाभर ते मूग गिळून बसले. मग एकदा धीर करून म्हणाले, "तुमचा आवाज फाटतोय."

"फाटू दे," बाई म्हणाल्या. "ढीगभर आहे माझ्याकडे."

एका सोमवारी सकाळी त्या दार ठोठावत उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, पण बाहेर नुसती हवा आली. डोळे मात्र घाबरलेले होते. असे डोळे कानवाल्यांनी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

घशाचे डॉक्टर त्यांच्याच दवाखान्यात, शेजारच्या खोलीत बसायचे. कानवाले बाईंना घेऊन गेले. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला आणि पडद्यावर दोघांनाही दाखवला. फावडं मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे दोन घट्टे स्वरयंत्राच्या पडद्यांवर पडले होते, समोरासमोर.

"सहा आठवडे एक शब्द नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंही नाही, ते आणखी वाईट. मग बघू. नाहीतर ऑपरेशन."

बाईंनी कानवाल्यांकडे असं पाहिलं, जणू हे सगळं त्यांनीच ठरवून आणलं होतं.

तलावाच्या व्यवस्थापकांनी रजा देऊ केली. बाईंनी ती घेतली नाही. मुलींच्या वर्गाला शिट्टी आणि हात पुरत होते, त्या सरावलेल्या होत्या. अडचण रविवार सकाळच्या वर्गाची होती. तिथं नवशिकी मोठी माणसं यायची. एक निवृत्त पोस्टमन, एक बेकरीवाली, दोघी शिक्षिका, असे दहा-बारा जण. त्यांना शब्दाशब्दाला धीर द्यावा लागायचा. पण ती गोष्ट नंतर. आधी घरातली अडचण सुरू झाली.

संध्याकाळी बाई नेहमीसारख्या आल्या, आईजवळ बसल्या आणि वहीच्या कागदावर लिहून चिठ्ठी पुढे केली. आईनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "मला काही हे कोंबडीचे पाय वाचता येत नाहीत," ती म्हणाली. "तू वाच रे."

कानवाल्यांनी वाचलं.

"काय? तोंडातल्या तोंडात काय बोलतोस?"

त्यांनी जरा मोठ्यानं वाचलं. आईनं हात हलवला. बाईंनी भुवया उंचावल्या, पाण्यात न उतरणाऱ्या माणसाकडे बघतात तशा. तिसऱ्या खेपेला कानवाले स्वतःच दचकतील एवढ्या आवाजात म्हणाले, "काकू, रविवारी पोस्टमन साहेबांची टोपी पाण्यात गेली आणि त्यांनी ती वाचवायला बेकरीवालीला पाठवलं."

आई हसली. पण मुलाचा आवाज तिला टोचला असावा. कारण दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "ती डबी आण. याच्या ओरडण्यापेक्षा मशीन बरं." ती लावली, दोन मिनिटं पंख्याकडे रागानं बघितलं, आणि म्हणाली, "हं. वाच आता माणसासारखं."

तेव्हापासून कानवाले रोज तासभर बोलू लागले. शब्द बाईंचे, आवाज यांचा. चिठ्ठीत जे असेल ते वाचायचं असा करार होता, आणि बाई त्याचा पुरेपूर फायदा घ्यायच्या. "काकू, तुमच्या मुलाच्या शर्टाचं दुसरं बटण आठ दिवस तुटलेलं आहे आणि त्यांना वाटतं कुणाला दिसत नाही." हेही त्यांना वाचावं लागायचं. वाचताना हात आपोआप बटणाकडे जायचा आणि दोघी हसायच्या, एक आवाजानं, एक खांद्यांनी.

पहिल्या रविवारी बाई त्यांना तलावावर घेऊन गेल्या. कानवाल्यांना पाण्याची भीती वाटायची. ते पँट दुमडून काठापासून चार हात लांब उभे राहिले. बाई प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पाटीवर लिहायच्या आणि हे ओरडायचे. कुणाला काही कळेना. छत उंच, भिंती फरशीच्या, प्रत्येक शब्द चार ठिकाणांहून परत यायचा आणि पुढच्या शब्दावर आदळायचा. "पाय सरळ" म्हणाले तर पोस्टमन साहेबांनी हात वर केले. बाईंनी पाटीवर लिहिलं, अजून मोठ्यानं.

कानवाले थांबले. त्यांनी एकदाच टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिले. आवाज विरायला जवळजवळ तीन सेकंद लागले. मग ते काठाजवळ आले, खाली बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "पाय." थांबले. "सरळ." थांबले. "गुडघा." थांबले. "वाकवू नका."

बारा जणांचे पाय सरळ झाले.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पाटीवर लिहिलं, हे काय केलंत?

"काही नाही. इथं जितकं ओरडाल तितकं ऐकू येत नाही," कानवाले म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं या छताशी भांडत होता. त्याचं बोलून होऊ द्यायचं, मग आपण बोलायचं."

बाईंनी पाटी पुसली. काही लिहिण्यासाठी पेन टेकवलं, आणि न लिहिताच पाण्यात उतरल्या. त्या दिवशी घरी येताना त्या कठडा धरून जिना चढल्या, तेव्हा कानवाल्यांना वाटलं, आपण बोलायला नको होतं. दारापाशी बाईंनी एक चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि आत गेल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, "अठरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. राग तुमच्यावर नाही."

ती चिठ्ठी त्यांनी आईला वाचून दाखवली नाही.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी चहा झाला. बाईंनी बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि कागद पुढे केला. कानवाल्यांनी नेहमीसारखं खणखणीत सुरू केलं. "काकू, तुमच्या मुलाला एवढं विचारा, की माझा आवाज परत आल्यावर ते पुन्हा बोलायचे बंद..." इथं त्यांचा आवाज खाली आला. "...होणार आहेत का. कारण मला आता सवय झाली आहे."

"काय रे?" आई म्हणाली. "विचारतेय ती."

कानवाले कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. बंद नाही होणार. मलाही सवय झाली आहे. आधीपासूनच होती. चार वर्षं."

आईनं मशीन नीट बसवलं. "हे तिनं लिहिलंय?"

"नाही. हे मी बोलतोय."

"मग तिच्याकडे बघून बोल. माझ्याकडे काय बघतोस?"

ते वळले. बाई हातातलं पेन घट्ट धरून बसल्या होत्या. कानवाल्यांनी इतक्या वर्षांत हजारो माणसांना सांगितलं होतं, घाबरू नका, काही दुखणार नाही, फक्त ऐका. तेच त्यांनी मनात स्वतःला सांगितलं. "आपण लग्न करू या का?" ते म्हणाले. "तुमचे टॉवेल कठड्यावर राहिले तरी चालतील."

बाईंनी चटकन कागद ओढला. लिहिताना पेन दोनदा अडखळलं. मग कागद त्यांच्यापुढे आला. "आवाज आल्यावर सांगेन. ही लिहून द्यायची गोष्ट नाही."

हे वाक्य मात्र कानवाल्यांना मोठ्यानं वाचावंच लागलं, कारण आई वाट बघत होती.

पुढचे दोन आठवडे त्यांचे हाल विचारू नका. दवाखान्यात त्यांनी एकाच्या उजव्या कानाच्या खुणा डाव्याच्या रकान्यात केल्या आणि त्या माणसाला परत बोलवावं लागलं. घरी खुर्ची ओढली, चमचा आपटला. बाई मात्र मजेत. रोज चिठ्ठ्या येत होत्या, बटणाच्या, टोपीच्या, बेकरीवालीच्या. त्या गोष्टीबद्दल अक्षर नाही. आईनं एकदा आडून विचारलं तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दवाखान्याच्या दिशेनं हात केला.

सहावा आठवडा संपला. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. घट्टे जवळजवळ गेले होते. "आ म्हणा," ते म्हणाले. "हळू."

"आ," बाई म्हणाल्या.

आवाज आला, पण तो वेगळा होता. खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा. बाईंनी घशाला हात लावला. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण आधीसारखा होईलच असं नाही. रोज व्यायाम करायचे, ओरडणं आयुष्यभर बंद. परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. कानवाले शेजारी बसून राहिले. विचारायचं काहीच उरलं नव्हतं आणि विचारल्याशिवाय चैनही नव्हतं. उतरायच्या थांब्याआधी बाई एवढंच म्हणाल्या, "हा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतोय."

"मला नाही वाटत," कानवाले म्हणाले. "आतून तोच आहे. वरचा गोंगाट तेवढा गेला."

त्या पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या.

तिसऱ्या मजल्यावर दोघं आपापल्या दारासमोर उभे राहिले. बाईंनी पिशवीत किल्ली शोधली, अर्थातच ती नव्हती. कानवाले खिळ्यावरची आणायला आत वळणार, तेवढ्यात खालून कुणीतरी पत्र्याची बादली जिन्यावरून गडगडवली. त्याच क्षणी बाई काहीतरी म्हणाल्या.

"काय?" कानवाले म्हणाले. माशीच्या पंखांचा आवाज वेगळा ओळखणारा हा माणूस. "काय म्हणालात?"

"पुन्हा बोलायला लावू नका. दिवसाला मोजकं बोलायचं आहे मला."

"पण मला ऐकू आलं नाही."

"हो म्हणाले," बाई म्हणाल्या. "हो. आता किल्ली आण."

किल्ली आणायला गेलेले कानवाले आत जाऊन आईजवळच उभे राहिले. ती काय झालं म्हणाली तर यांना सांगता येईना. बाई बाहेर पाच मिनिटं ताटकळल्या. शेवटी त्याच आत आल्या.

लग्न पुढच्या महिन्यात एका गुरुवारी झालं, नोंदणी कार्यालयात, कारण गुरुवारी तलाव साफसफाईसाठी बंद असतो. साक्षीदार म्हणून सह्या करायला पोस्टमन साहेब, बेकरीवाली आणि एक शिक्षिका होती. दोन्ही घरं त्यांनी ठेवली. एकात आई आणि स्वयंपाक, दुसऱ्यात टॉवेल आणि ते लोखंडी कपाट. दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. भांडणंही होतात. कानवाल्यांना वस्तू जागच्या जागी लागते, बाईंना जागाच आठवत नाही. आपण चिडलोय हे बाई हळू आवाजात सांगतात तेव्हा कानवाले जास्त घाबरतात. पोहणं त्यांना अजून आलेलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, काठ सोडत नाहीत आणि पोस्टमन साहेब त्यांना धीर देतात.

संध्याकाळपर्यंत बाईंचा घसा थकलेला असतो. मग त्या पाय वर घेऊन बसतात आणि कानवाले दिवसभराचं सांगतात. परवा एक म्हातारे सुतार आले होते. सुनेनं जबरदस्तीनं आणलेले. मशीन बसवून दिल्यावर ते इकडेतिकडे बघत विचारू लागले की हे खसखस काय वाजतंय.

"काय होतं?" बाईंनी विचारलं.

"त्यांचीच दाढी. गालावरून हात फिरवत होते. दहा वर्षांत ऐकली नव्हती."

"मग?"

"मग तासभर उठेनात. हात फिरवत बसले. बाहेर रांग लागली होती."

"तू उठवलं नाहीस ना त्यांना?"

"नाही," कानवाले म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.